इंडियन हेडला राहायला येताय? प्रेअरीवरच्या छोट्या गावात बस्तान बसवताना

टोरांटो-ब्रॅम्प्टनच्या घरभाड्याला कंटाळून किंवा थेट भारतातून नोकरीचं पत्र घेऊन कॅनडाच्या प्रेअरीवरच्या, म्हणजे सपाट गवताळ मैदानावरच्या, सस्कॅचेवान प्रांताच्या एखाद्या हजार-दोन हजार वस्तीच्या गावाकडे निघालेली मराठी कुटुंबं हल्ली भेटतात. कुणी नर्स असतं, कुणी वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करणारं, कुणी ट्रक चालवणारं, कुणी शेती-यंत्रांच्या दुकानात मेकॅनिक. शहरात स्थिरावायचं कसं हे सांगणारे ढीगभर लोक असतात, गावाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख. उदाहरणादाखल इंडियन हेड हे एकच गाव धरलं आहे, पण यातलं बरंचसं रोस्थर्न, डेव्हिडसन किंवा मूसोमिनलाही लागू पडेल.

इथे सगळ्या गोष्टी अंतरावर ठरतात. कुठलं काम गावात होतं आणि कुठल्यासाठी ७० किलोमीटरवरच्या रिजायनाला, म्हणजे प्रांताच्या राजधानीला, जावं लागतं, याची विभागणी सुरुवातीलाच नीट केलीत तर राहणं सोपं जातं. केली नाहीत तर अर्धं आयुष्य गाडीत जातं, आणि गाव नुसतं झोपायची जागा बनतं.

आधी गाव ओळखा

इंडियन हेड हे ट्रान्स-कॅनडा महामार्ग क्रमांक १ वर, रिजायनाच्या पूर्वेला आहे. वस्ती सुमारे १,९००. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे १८८२ मध्ये इथवर आली आणि गाव तिच्याबरोबर आलं. त्याच वर्षी मेजर विल्यम बेल याने सुमारे ५३,००० एकरांची कंपनी-शेती इथे सुरू केली. ती काही वर्षांतच बुडाली. तिची गोल दगडी घोडेपागा मात्र अलीकडे पुन्हा उभी केली आहे, आणि पाहुण्यांना दाखवायला गावकऱ्यांना तीच पहिली आठवते.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलायला ती उपयोगी पडते. १८८५ मध्ये मेती, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांचा पुढारी लुई रिएल याच्या नेतृत्वाखाली सरकारविरुद्ध उठाव झाला, तेव्हा इथले घोडे आणि माणसं लष्कराच्या मालवाहतुकीत अडकली. अँगस मॅके नावाच्या शेतकऱ्याची जमीन त्यामुळे पेरायची राहून गेली. उन्हाळ्यात त्याने ती नुसती नांगरून ठेवली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचं पीक करपलं आणि मॅकेच्या पडीक ठेवलेल्या रानात गहू आला, कारण मातीत आदल्या वर्षीची ओल टिकून होती. केंद्र सरकारने देशात पहिली पाच प्रायोगिक शेतं काढली, त्यातलं एक इंडियन हेडला दिलं आणि मॅकेला त्याचा प्रमुख केलं. एक वर्ष पीक आणि एक वर्ष पडीक ही पद्धत मग सगळ्या प्रेअरीवर पसरली. पण उघड्या, भुसभुशीत मातीने १९३० च्या दशकात धुळीची वादळंही उठवली. नंतर याच गावच्या जिम हालफर्ड या शेतकऱ्याने न नांगरता थेट पेरणी करणारं यंत्र तयार केलं. म्हणजे जमीन नांगरून पडीक ठेवावी हे इथे शिकवलं गेलं आणि नांगरू नये हेही इथेच.

गावाभोवती, शेतांच्या कडेला झाडांच्या सरळ रांगा दिसतील. वारा अडवायला लावलेल्या या रांगांची रोपं पुरवणारी सरकारी रोपवाटिका १९०१ मध्ये इथेच सुरू झाली. तिने साठ कोटींहून जास्त रोपं वाटली आणि २०१३ मध्ये सरकारने ती बंद केली. छोट्या गावातल्या सरकारी नोकरीच्या भरवशावर घर विकत घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. ‘कायम’ पदाचं कार्यालयच हलू शकतं.

गावाच्या नावातले इंडियन आपण नव्हे, हे सांगायला नको. ही नाकोडा, क्री आणि सोतो लोकांची भूमी. १८७४ मध्ये उत्तरेकडच्या फोर्ट क्वापेल इथे ब्रिटिश राजसत्ता आणि हे आदिवासी लोक यांच्यात चौथा करार झाला, तो या प्रदेशाचा. दक्षिणेला कॅरी द केटल हे नाकोडा लोकांचं राखीव क्षेत्र आहे, आणि दुकानात, दवाखान्यात, हॉकीच्या मैदानावर तिथली माणसं तुमचे शेजारी असतील. जवळच लेब्रेट इथे १८८४ पासून १९९८ पर्यंत निवासी शाळा चालली. आदिवासी मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवलं जाई. ३० सप्टेंबरला गावात नारिंगी शर्ट दिसले तर कारण हे आहे. त्या दिवशी मुलांनाही नारिंगी शर्ट घाला. आणि आदिवासी शेजाऱ्यांबद्दल गोऱ्या सहकाऱ्याने काही टाकून बोललं तर मान डोलावू नका. नव्याने आलेले आपले लोक ‘इथलं वातावरण पाहून’ तसली मतं फार लवकर उचलतात.

नकाशा वाचायला शिका

इथली जमीन कागदावर पट्टी ठेवून आखलेली आहे. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, आणि त्याचा चौथा भाग म्हणजे १६० एकरांचा क्वार्टर. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात वसाहतकऱ्यांना हाच क्वार्टर मिळत असे. आजही शेतकरी बोलतो ते क्वार्टरमध्ये. तो एकरांत बोलत नाही. रस्ते याच जाळीवर आहेत. उत्तर-दक्षिण रस्ते साधारण दर मैलावर आणि पूर्व-पश्चिम रस्ते दर दोन मैलांवर. कुणी ‘चार मैल दक्षिणेला, मग दोन मैल पूर्वेला’ असा पत्ता दिला तर तो पूर्ण पत्ता असतो. पाट्या किलोमीटरच्या आणि बोली मैलांची, याची सवय होते. डावं-उजवं कुणी सांगत नाही, दिशाच सांगतात. गावात आल्यावर उत्तर कुठे ते एकदा पक्कं करा.

दुसरी गोष्ट, गाव वेगळं आणि भोवतालची ग्रामीण नगरपालिका वेगळी. इंडियन हेड गावाची स्वतःची परिषद आहे. बाहेरची शेतजमीन इंडियन हेड याच नावाच्या दुसऱ्या संस्थेत, म्हणजे रूरल म्युनिसिपॅलिटी क्रमांक १५६ मध्ये येते. पाणी, कचरा, कुत्र्याचा परवाना, बांधकामाची परवानगी ही कामं गावाच्या कचेरीत. शेतघर भाड्याने घेतलं असेल तर रस्त्यावरचा बर्फ काढण्याची तक्रार रूरल म्युनिसिपॅलिटीकडे. चुकीच्या खिडकीवर गेलात तरी माणसं हसून योग्य ठिकाणी पाठवतात, पण दिवस जातो.

गाडी आणि लायसन्स हे पहिलं काम

आपल्याकडे कितीही आडगाव असलं तरी लाल डब्याची एक फेरी तरी येते. इथे ती नाही. प्रांताची सरकारी बससेवा ३१ मे २०१७ रोजी बंद झाली. पाठोपाठ ग्रेहाउंड या खासगी बसकंपनीनेही २०१८ मध्ये पश्चिम कॅनडातून काढता पाय घेतला. रूळ गावातूनच जातात, पण दक्षिणेच्या या मार्गावरची प्रवासी गाडी १९९० मध्ये थांबली. दिवसभर धडधडत जातात त्या गव्हाच्या, कॅनोला या तेलबियांच्या आणि खतासाठीच्या पोटॅशच्या मालगाड्या. तेव्हा घरात किमान एक चालक आणि एक भरवशाची गाडी हवी. नवरा-बायको दोघंही नोकरी करणार असाल तर दोघांनीही लायसन्स काढा. बायकोने घरी बसायचं आणि नवऱ्याने दूध आणून द्यायचं, हा प्रकार इथे पहिल्याच हिवाळ्यात माणसाला खातो.

भारतीय लायसन्सवर तुम्ही इथे ९० दिवस गाडी चालवू शकता. त्याच्या आत सस्कॅचेवान गव्हर्नमेंट इन्शुरन्स, म्हणजे सगळे ज्याला एसजीआय म्हणतात, त्यांची लेखी आणि मग रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. भारतीय लायसन्सची थेट अदलाबदल होत नाही. किती वर्षांपासून चालवता हे दाखवणारा कागद आरटीओकडून घेऊन या. रस्त्याच्या परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून लेखी परीक्षा पहिल्याच आठवड्यात उरका. वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेले लोकही इथे नापास होतात. कारणं ठरलेली आहेत. स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण न थांबणं, लेन बदलताना खांद्यावरून मागे न बघणं, शाळेजवळ वेग कमी न करणं.

गाडीची नोंदणी केली की मूळ विमा तिच्या नंबरप्लेटबरोबरच येतो. अधिकचा विमा वेगळा घ्यायचा. ही कामं विमा-दलालाच्या दुकानात होतात आणि असं दुकान बहुतेक गावांत असतं, त्यासाठी शहरात जाऊ नका.

जुनी गाडी घेताना ब्लॉक हीटर आहे का ते आधी पाहा. इंजिन गरम ठेवणारा हा विजेचा हीटर, त्याची दोरी गाडीच्या नाकातून बाहेर लोंबत असते. उणे १५ च्या खाली पारा गेला की निघण्याआधी दोन-तीन तास ती प्लगमध्ये लावायची. टायमर घ्या, रात्रभर लावून वीज जाळू नका. हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे नाहीत. तरी घ्याच.

रस्त्यांबद्दल चार गोष्टी. महामार्गावर निघण्याआधी प्रांताच्या हायवे हॉटलाइनवर रस्त्याची स्थिती पाहा. ‘प्रवास टाळा’ लिहिलं असेल तर नोकरीवर फोन करून येत नाही म्हणून सांगा, कुणी रागावत नाही. हिमवादळात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडीतच थांबा, एग्झॉस्टचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते पाहा आणि इंजिन थोडा थोडा वेळच चालवा. डिकीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती-काडेपेटी, खाणं आणि बंद बॅटरी सुरू करायची केबल ठेवा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. आणि पावसानंतर मातीच्या रस्त्यावर गाडी घालू नका. इंडियन हेडची माती म्हणजे चिकट भारी चिकणमाती, विदर्भातल्या काळ्या रानात पावसाळ्यात चाकाला जो गोळा बसतो तोच इथेही बसतो, आणि ट्रॅक्टरवाला शेजारी पेरणीत गुंतलेला असतो.

कागदपत्रं

नोकरीसाठी आणि करासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर ऑनलाइन किंवा रिजायनातल्या सर्व्हिस कॅनडाच्या कचेरीत मिळतो. आरोग्यकार्डासाठी ई-हेल्थ सस्कॅचेवानकडे अर्ज करा. दुसऱ्या प्रांतातून येत असाल तर इथलं संरक्षण तिसऱ्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतं, तोवर जुन्या प्रांताचं कार्ड फेकू नका. परदेशातून थेट येणाऱ्यांचा नियम वेगळा आहे आणि परमिटच्या प्रकारावर ठरतो. अर्ज आल्या आल्या करा.

वीज सस्कपॉवरची, गॅस सस्कएनर्जीचा, फोन-इंटरनेट बहुधा सस्कटेलचं. तिन्ही प्रांताच्या मालकीच्या कंपन्या. टपाल घरी येईल असं धरून चालू नका, छोट्या गावांत पोस्टात पेटी घ्यावी लागते. ती पहिल्याच दिवशी घ्या, कारण बाकी सगळी कार्डं तिथे येणार. पेटीचा क्रमांक आणि घराचा पत्ता असे दोन पत्ते पाठ करा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला कुरियर एक मागतो आणि पोस्ट दुसरा.

घड्याळाबद्दल एक सुख. सस्कॅचेवानात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. भारताशी फरक बारा महिने साडेअकरा तासांचाच राहतो. इथले सकाळचे आठ म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात. आईबाबांना फोन करण्याची वेळ एकदा ठरवली की ठरली.

घर बघताना तळघरात आधी उतरा

भाड्याची घरं गावात कमी असतात आणि त्यांची जाहिरात बहुतेकदा इंटरनेटवर येतच नाही. को-ऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानातला जाहिरातींचा फळा बघा, पोस्टात विचारा, नोकरी देणाऱ्याला विचारा. इस्पितळ किंवा शाळा तुम्हाला बोलावत असेल तर ‘राहायची सोय होईपर्यंत मदत कराल का’ हे नोकरी स्वीकारण्याआधी विचारा. नंतर विचारण्यात जोर राहत नाही. अनामत जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याइतकी घेता येते, त्यातली निम्मी सुरुवातीला आणि निम्मी दोन महिन्यांत. भाडेवाढीवर मात्र या प्रांतात मर्यादा नाही, म्हणून करार ठरावीक मुदतीचा करा.

विकत घ्यायचं झालं तर शहराच्या मानाने किंमत पाहून डोळे विस्फारतात. थांबा. वर सांगितलेली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्या या हालचालीने तळघराच्या भिंती वाकतात, तडे जातात. स्वयंपाकघर नंतर बघा. आधी टॉर्च घेऊन तळघरात जा. भिंतीवर आडवी भेग आहे का, नवा रंग एकाच कोपऱ्यात का दिला आहे, तळघरात साचलेलं पाणी उपसणारा संप पंप चालतो का, घर गरम ठेवणारा फर्नेस किती जुना आहे, बाहेर जाणारा सांडपाण्याचा नळ कधी बदलला, हे विचारा. घराभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती हवी. मागच्या बारा महिन्यांची गॅस आणि विजेची बिलं मागा. शंभर वर्षांच्या सुंदर लाकडी घराचं जानेवारीचं बिल पाहिल्यावर सौंदर्याचा विचार वेगळा होतो. तपासनीसाचे पैसे वाचवू नका.

परदेशी नागरिकांनी घर घेण्यावर केंद्र सरकारची तात्पुरती बंदी आहे. ती शहरी भागांसाठी आहे, तरी सही करण्याआधी वकिलाकडून तुमच्या परमिटचा प्रश्न स्पष्ट करून घ्या. आणि ज्यांच्या मनात शेती आहे त्यांच्यासाठी: नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसाल तर सस्कॅचेवानात दहा एकरांपेक्षा जास्त शेतजमीन घेता येत नाही. गावाकडची दोन एकर विकून इथे क्वार्टर घेऊ, असं बेत करणारे भेटतात. जमिनीहून मोठा खर्च यंत्रांचा असतो. आधी एखाद्या शेतकऱ्याकडे एक हंगाम काम करून बघा.

दवाखाना

गावात छोटं इस्पितळ आहे. अशा इस्पितळांतला तातडीचा विभाग डॉक्टर किंवा नर्स कमी पडल्या की काही वेळा बंद ठेवतात, हे प्रांतभर चालू आहे. म्हणून दुखणं येण्याआधी दोन गोष्टी करा. कुटुंबाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा, आणि गावातला विभाग बंद असेल तर जवळचा दुसरा कुठला, हे माहीत करून ठेवा. रात्री पोराला ताप आला तर ८११ वर नर्स बोलते आणि दाखवायला न्यायचं की नाही ते सांगते. जीवावरचं असेल तर ९११. रुग्णवाहिका फुकट नसते, तिचं बिल घरी येतं. गरोदर असाल तर प्रसूती रिजायनाला होईल हे धरून चाला, आणि तारीख जानेवारीत असेल तर शेवटचे काही दिवस शहरात कुणाकडे राहण्याची सोय बघा.

वाणसामान

इथे मला थोडं रेंगाळू द्या. मुंबईत वाण्याकडून आणलेली मसूरडाळ सस्कॅचेवानची असण्याची शक्यता बरीच होती. कॅनडाची बहुतेक सगळी मसूर याच प्रांतात पिकते, पिवळा वाटाणाही इथे भरपूर होतो. हे फार जुनं नाही. सस्कॅचेवान विद्यापीठात अल् स्लिंकार्ड यांनी लेअर्ड ही मसूरची जात १९७८ मध्ये आणि एस्टन १९८० मध्ये आणली, तेव्हापासून पडीक ठेवण्याऐवजी कडधान्य घेण्याची चाल पडली. मोहरी, धणे, मेथी हीसुद्धा इथली शेतातली पिकं. गंमत अशी की गावातल्या दुकानात यातलं काही धड मिळत नाही, सगळं गाडीत भरून बंदराकडे जातं. एखाद्या शेतकऱ्याशी ओळख झाली की बादलीभर मसूर मिळून जाते. सालासकट असते, निवडून घ्या, उसळ छान होते.

बाकी पोहे, गोडा मसाला, आमसुलं, हिंग, ज्वारीचं पीठ यासाठी रिजायना. भारतीय दुकानं तिथे आहेत. महिन्यातून एकदा जायचं ठरवा आणि यादी फ्रीजवर लावा. तळघरात डीप फ्रीजर घ्या, गावात प्रत्येकाकडे असतो. खोवलेला नारळ, कढीपत्ता, आलं-लसूण वाटण, मटार, पुरणसुद्धा त्यात बसतं. दूध, अंडी, बटाटे, कांदे, ब्रेड मात्र गावातच घ्या. दोन डॉलर जास्त जातील. पण शहरातून सगळं आणणाऱ्यांमुळेच गावातलं दुकान बंद पडतं, आणि मग फेब्रुवारीत उणे ३५ मध्ये दुधासाठी महामार्ग धरावा लागतो. प्रेअरीवर हे होऊन गेलेलं आहे. या प्रांतात एकेकाळी तीन हजारांहून जास्त धान्य-कोठारं होती, दर आठ-दहा मैलांवर एक, कारण घोडागाडी एका दिवसात तेवढंच अंतर जाऊन येऊ शकायची. ट्रक मोठे झाले, १९९५ मध्ये रेल्वेभाड्यातली सरकारी सवलत गेली, शाखा-मार्ग उखडले. कोठार गेलं की दुकान, दुकानामागून शाळा, अशा क्रमाने कित्येक गावं नुसती पाटीवर उरली. इंडियन हेड टिकलं, कारण महामार्ग जवळ आहे. तोच महामार्ग गिऱ्हाईक रिजायनाला घेऊनही जातो.

परसात भाजी लावायची तर व्हिक्टोरिया डेनंतर, म्हणजे मेच्या अखेरीला. त्याआधी रात्री गोठणारं दहिवर सगळं जाळतं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हंगाम संपतो. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, भोपळा जोमात येतात, कारण जूनमध्ये उजेड सोळा तासांचा असतो. वांगी आणि मिरची घरात रोपं करून मग बाहेर न्या. भेंडी हट्ट असेल तरच.

हिवाळा

थंडीची भीती घालणारे खूप आहेत, म्हणून थोडक्यात. जानेवारीत रात्री उणे २० हे नेहमीचं, उणे ३० अधूनमधून, उणे ४० क्वचित. रिजायनाचा जुना नीचांक उणे ५० आहे. आकड्यापेक्षा वारा बघा. वाऱ्यासकट उणे ४० च्या पुढे उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठते. जॅकेट भारतातून आणू नका, इथे घ्या. बुटांवर पैसे खर्च करा, पोरांना हातमोज्यांचे तीन जोड घ्या कारण दोन हरवतात. फर्नेसचा फिल्टर नियमित बदला. घरासमोरची पायवाट मोकळी ठेवा आणि शेजारी म्हातारं जोडपं असेल तर त्यांचीही करा. याहून स्वस्तात ओळख होत नाही. डिसेंबरात दिवस आठ तासांचा असतो. कामावर जाताना अंधार, येताना अंधार. मन खचतं, ते खचतं हे मान्य करून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घराबाहेर घालवायचं आधीच ठरवा.

माणसांत कसं मिसळायचं

त्या दोन संध्याकाळी कुठे जायचं? बर्फाच्या रिंकवर. खेळता येत नसेल तरी कर्लिंगच्या नवशिक्यांच्या संघात नाव द्या. दगड सरकवायचा आणि पुढे झाडू मारायचा, वयाची अट नाही, आणि हरणारा संघही जिंकणाऱ्याबरोबर बसून गप्पा मारतो. पोरांची हॉकी महागडी आणि वेळखाऊ असते, पहाटे उठून दुसऱ्या गावी जावं लागतं. त्यात पडण्याआधी खर्च विचारा. जुनं साहित्य गावात हातोहात मिळतं.

सकाळी कॉफीच्या दुकानात एका टेबलाशी निवृत्त शेतकरी रोज बसतात. याला कॉफी रो म्हणतात. आपल्या पारावर जे चालतं ते सगळं तिथे चालतं. पाऊस किती मिलिमीटर, कॅनोलाचा भाव, कुणाचं घर विकायला आहे. बोलावल्याशिवाय त्या टेबलावर बसू नका, पण शेजारच्या टेबलावर बसा. दोन-तीनदा दिसलात की प्रश्न येतोच, ‘तू कुठला?’ उत्तरात नुसतं इंडिया म्हणून थांबू नका. घरी शेती होती का, काय पिकतं, पाऊस किती पडतो, हे सांगा. सोयाबीन, ऊस, ज्वारी यावर अर्धा तास निघतो.

शरद ऋतूत चर्चच्या किंवा गावच्या हॉलमध्ये फाउल सपर असतं. टर्की, बटाटे, भाज्या आणि ‘पाय’ (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाची लांबलचक रांग. तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं, धर्माचा प्रश्न नाही. शाकाहाऱ्याचं पोट बटाटे, कोबी आणि पायवर भरतं. पुढच्या वर्षी वाढायला उभे राहा, नुसतं जेवून येण्यापेक्षा त्याने जास्त नावं कळतात. अग्निशमन दलही स्वयंसेवकांचं असतं आणि तिथे तरुण माणसं हवीच असतात.

सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, महापौरालाही आणि डॉक्टरलाही. ‘सर’ म्हटलंत तर समोरचा अवघडतो. मातीच्या रस्त्यावर समोरून येणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. पेरणीच्या मे महिन्यात आणि कापणीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेतकऱ्याकडे कसलंही काम काढू नका. एरवी तो तुमची गाडी खड्ड्यातून ओढायला रात्री अकराला येईल. आणि हो, गावात काहीच लपत नाही. तुमच्या दाराशी नवी गाडी उभी राहिली की संध्याकाळी पोस्टात तिचा विषय निघतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचा जाच होतो, खेडेगावातून आलेल्याला हे ओळखीचं वाटतं.

नोकरीबद्दल एकच सांगतो. एकाला काम मिळालं म्हणून येऊ नका. जोडीदार काय करणार, याचं उत्तर हातात असल्याशिवाय सामान बांधू नका. इस्पितळ, शुश्रूषागृह, शाळा, शेती-यंत्रांचे विक्रेते, खत-बियाण्यांची दुकानं, महामार्गावरची हॉटेलं, एवढाच पसारा आहे. संगणकवाल्याला घरून काम चालत असेल तर उत्तम, पण घर नक्की करण्याआधी त्याच पत्त्यावर इंटरनेट किती वेगाने येतं ते विचारा. गावात बरं असतं, दोन मैल बाहेर शेतघरात नसतंही. ज्याला गाडी चालवायचीच नाही, किंवा ज्याला दर रविवारी आपल्या माणसांत मराठी बोलल्याशिवाय करमत नाही, त्याने रिजायनात राहून इथे कामाला यावं. पाऊण तासाचा रस्ता आहे, हिवाळ्यातले काही दिवस सोडले तर जमतं.

आईवडिलांना बोलवायचं असेल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आरोग्यविमा तिकिटाबरोबरच काढा, पाहुण्यांना इथलं कार्ड मिळत नाही. दिवसभर घरात एकटे बसतील अशी काळजी असते, म्हणून त्यांना आल्या आल्या ग्रंथालयात आणि पोस्टात नेऊन ओळख करून द्या. गाव सपाट आहे, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत ते पायी फिरू शकतात. जुलैत कॅनोला पिवळा फुललेला असतो. रविवारी महामार्ग ५६ ने उत्तरेला निघालात की अर्ध्या तासाच्या आत क्वापेल खोऱ्यातलं कटेप्वा सरोवर लागतं. सपाट रान एकदम खाली उतरतं आणि पाणी दिसतं. डासांसाठी मलम सोबत घ्या, आणि संध्याकाळी परतताना हरणं सांभाळा.